हेडर किंवा डाउनपाइप बदलल्यावर बॉनेटखालची उष्णता कशी आवरायची

नवीन हेडर (इंजिनमधून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बसवला, बॉनेट उघडल्यावर तोंडावर गरम झळ आली, की बहुतेकजण आधी रॅपचं, म्हणजे उष्णतारोधक पट्टीचं, बंडल आणतात. पाइपला गुंडाळतात आणि काम झालं असं समजतात. पुढे कधीतरी एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरचं कव्हर विरघळतं किंवा सीव्ही जॉइंटचा (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) रबरी बूट फाटतो, आणि दोष रॅपवर येतो. खरी चूक क्रमात असते. आधी गळती, मग अंतर, मग पत्र्याची शील्ड, त्यानंतर रॅप, नंतर वायर-होजचं संरक्षण आणि शेवटी हवेची वाट, असा हा क्रम आहे. यातली पहिली पायरी चुकली की पुढचं सगळं सामान वाया जातं.

उष्णता का वाढते, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचे निर्णय त्यावर ठरतात. कंपनीचं मॅनिफोल्ड (हेडरच्या जागचा मूळ भाग) बहुधा जाड बिडाचं असतं आणि त्यावर पत्र्याची शील्ड असते. बाजारात मिळणारा हेडर पातळ नळ्यांचा असतो, त्याचा उघडा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो आणि जुन्या शील्डचे बोल्ट त्यावर बसत नाहीत. जोर लावल्यावर पेट्रोल इंजिनचा एक्झॉस्ट वायू ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, डिझेलचा त्याहून कमी. पाइपवरून थेट फेकली जाणारी उष्णता निरपेक्ष (केल्व्हिनमधल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणून पाइपचा बाहेरचा पृष्ठभाग ६०० वरून ४०० अंशांवर आणला, तर ही झळ जवळपास एक-तृतीयांशावर येते. पृष्ठभाग थोडा थंड केला तरी फायदा मोठा मिळतो, तो यामुळे.

## सुरुवात करण्याआधी : सामान आणि मर्यादा

हे सगळं हाताशी ठेवा: टॉर्क पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), सरळ पट्टी, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असलेला तापमापक, ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र), नवीन गॅस्केट, नवीन नट (शक्यतो तांब्याचा मुलामा असलेले लॉकनट), स्टेनलेसचे टाय, जाड पुठ्ठा, खडू, हातमोजे, गॉगल आणि बारीक धूळ अडवणारा मास्क. ड्राय पावडरचा अग्निशामक जवळ असू द्या, तो डिकीत ठेवून उपयोग नाही. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.

इन्फ्रारेड गनवर पूर्ण भरवसा ठेवू नका. चकचकीत स्टेनलेसवर ती खरं तापमान फार कमी दाखवते, कारण चकाकणारा पृष्ठभाग उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूचं प्रतिबिंब जास्त देतो. गन वापरायचीच असेल तर पाइपवर उष्णतारोधक काळ्या रंगाचा नाण्याएवढा ठिपका द्या आणि त्यावरच नेम धरा.

बॉनेटखालच्या वस्तू किती सोसतात, हे आधी माहीत हवं. साधी पीव्हीसी आवरणाची वायर १०५ अंशांच्या पुढे टिकत नाही. क्रॉसलिंक आवरणाची १२५ पर्यंत चालते आणि सिलिकॉनची २०० च्या आसपास. डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पण पाणी शोषलेलं असेल तर १४० लाच उकळायला लागतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. हेडरजवळून जाणाऱ्या ब्रेक आणि क्लचच्या नळ्यांना सर्वात जास्त जपायचं ते यासाठी.

## टप्पा १ : आधीचं तापमान नोंदवा

जुना भाग अजून गाडीवर असेल तर फारच चांगलं. नवा बसवून झाला असेल तर आजची स्थिती हीच सुरुवात धरा. थर्मोकपलची टोकं चार ठिकाणी बांधा: हेडरला सर्वात जवळची वायर, ब्रेक किंवा क्लचची सर्वात जवळची नळी, स्टार्टरचा सोलेनॉइड आणि बॅटरीची एक्झॉस्टकडची बाजू. ओबीडीवर इनटेक हवेचं तापमान लावून ठेवा.

अर्धा तास गाडी चालवा, त्यातली दहा मिनिटं गर्दीत. मग इंजिन बंद करून, बॉनेट न उघडता, पुढची वीस मिनिटं आकडे लिहीत राहा. हाच भाग सगळे गाळतात. पंखा आणि पाण्याचा पंप थांबले की उष्णतेला वाट उरत नाही आणि बऱ्याच भागांचं तापमान गाडी बंद केल्यानंतरच शिखर गाठतं. चालत्या गाडीत ९० अंश दाखवणारी वायर बंद गाडीत १२० वर गेली, तर खरा आकडा १२० हाच.

तपासणी : बाहेरचं तापमानही नोंदवा. शेवटची चाचणी त्याच मार्गावर, तितक्याच उकाड्यात घ्यायची आहे, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही.

## टप्पा २ : कोरडी जुळवणी

रॅप गुंडाळायला हेडर बाहेरच हवा, पण रॅप कुठे हवा आणि शील्ड कुठे, हे हेडर आत बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून हेडर दोनदा बसवावा लागतो. हा कंटाळा केला की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप घडतात.

आधी फ्लँजवर (हेडरची इंजिनला बोल्टने बसणारी सपाट पट्टी) सरळ पट्टी उभी धरा आणि खालून ०.१५ मिमीची फीलर पट्टी सरकवून बघा. ती कुठेही सहज गेली तर वेल्डिंगच्या तापाने फ्लँज वाकला आहे, तो मशीनवर सपाट करून आणा. (पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर ती धरा.) वाकडा फ्लँज नट आवळून सरळ होईल या भरवशावर राहिलात तर स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो.

जुनं गॅस्केट लावून हेडर बसवा, नट हाताने आणि मग हलके पान्याने घट्ट करा, डाउनपाइप (हेडर किंवा टर्बोपासून खाली जाणारा पाइप) जोडा. मग पाइपच्या भोवती फिरून प्रत्येक वस्तूचं अंतर मोजा. वायर, रबर किंवा प्लास्टिक उघड्या पाइपपासून ७५ मिमीच्या आत असेल, तर पाइपवर तिथे खडूने खूण करा. इंजिन माउंटवर हलतं हे विसरू नका. लाकडी तुकडा लावून पहारीने इंजिन हलकेच पुढे-मागे ढकला आणि पाइप बॉडीच्या किती जवळ येतो ते बघा. थंड आणि स्थिर असताना २० मिमीपेक्षा कमी फट असेल तर ती फट नाहीच असं समजा.

पाइप तापल्यावर लांबतोही. अर्धा मीटर स्टेनलेस नळी ६०० अंशांनी तापली की साधारण ५ मिमी वाढते. थंड असताना बॉडीला न टेकणारा पाइप गरम झाल्यावर खडखडतो, तो यामुळेच.

याच वेळी पुठ्ठा कापून शील्डचे नमुने करून ठेवा. हेडर पुन्हा काढल्यावर ते करता येणार नाहीत.

## टप्पा ३ : गळती, दोन वेळा

फ्लँजमधून सुटणारा वायू म्हणजे वायरिंगवर धरलेली बत्तीच. वर कितीही रॅप असला तरी ती ज्योत त्याच्या बाजूने जाते. शिवाय ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंधन वाढवतो आणि ते जादा इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) जळून तोच लाल होतो. असा कन्व्हर्टर बघून लोक शील्ड शोधत बसतात, आणि दोष गॅस्केटचा असतो.

पहिली चाचणी कोरड्या जुळवणीतच घ्या. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या शेपटात व्हॅक्युम क्लीनरची हवा फेकणारी बाजू कापड गुंडाळून बसवा आणि सगळ्या वेल्डवर, कलेक्टरवर (हेडरच्या नळ्या एकत्र येतात तिथे), सेन्सरच्या बुंध्यावर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे येतील तिथे वेल्ड पुन्हा करून घ्या. रॅपखाली गेलेली वेल्डची भेग नंतर सापडत नाही.

दुसरी चाचणी शेवटच्या बसवणीनंतर, नव्या गॅस्केटसह, फक्त फ्लँज आणि जोडांवर. नट मधल्या जोडीपासून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत आवळा. टॉर्कचा आकडा तुमच्या इंजिनच्या पुस्तिकेतलाच घ्या, कारण स्टडच्या जाडीप्रमाणे आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे की बिडाचं यावर तो बदलतो.

सावधान : कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे. उष्णतेचं कारण पुढे करून तो काढू नका.

## टप्पा ४ : आधी अंतर वाढवा

हा सर्वात स्वस्त उपाय आहे आणि सर्वात दुर्लक्षित. खडूच्या प्रत्येक खुणेजवळ थांबून विचारा, ही वस्तू इथून हलवता येईल का? हार्नेसची (वायरच्या जुडग्याची) क्लिप उलट्या बाजूला लावली तर ५० मिमी मिळतात. होज २० अंश फिरवून क्लॅम्प बांधला तर तो पाइपच्या समोरून बाजूला जातो. वायर हलवली की ती पी-क्लिपने (धातूची, बोल्टने बसणारी पकड) बॉडीला बांधा. प्लास्टिकचा टाय उष्णतेने ठिसूळ होऊन तुटतो आणि वायर नेमकी पाइपवर पडते.

ऑक्सिजन सेन्सरची जागा बदलली असेल तर त्याची वायर ताणून बसवू नका, जोडणीसाठी तयार एक्स्टेन्शन वापरा. या वायरला सोल्डर मारू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरच्या तारांमधूनच आत जाते. सोल्डरने ती वाट बंद होते आणि सेन्सर चुकीचं वाचायला लागतो.

## टप्पा ५ : शील्ड

शील्ड काम करते ती तिच्या मागच्या हवेच्या जोरावर. पाइपला चिकटवलेला पत्रा पाइपाइतकाच तापतो. पाइप आणि शील्डमध्ये १० ते १५ मिमी मोकळी जागा ठेवा आणि शील्डपासून वायरपर्यंत आणखी २५ मिमी. पाइपजवळ ०.५ ते ०.८ मिमी स्टेनलेस वापरा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. ते फायरवॉल, बॅटरी आणि इनटेकच्या बाजूला लावा, तिथे त्याची चकाकी कामी येते.

बोल्टची भोकं गोल न ठेवता लांबट करा, म्हणजे पत्र्याला तापून पसरायला जागा मिळते. घट्ट आवळलेली शील्ड भोकापासून चिरते, मग किणकिणते आणि एक दिवस पडते. कडा बाहेर दुमडून घ्या. शील्डचे तळ आणि माथा उघडे असावेत, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. चारी बाजूंनी बंद केलेली शील्ड म्हणजे भट्टी.

सोनेरी किंवा चंदेरी परावर्तक टेप फायरवॉल आणि इनटेक बॉक्ससाठी. पाइपवर ती चिकटवू नका, तिचा गोंद ती उष्णता सोसत नाही.

## टप्पा ६ : रॅप की सिरॅमिक कोटिंग

नवा, न वापरलेला हेडर असेल आणि गाडी पाणी-चिखलातून जात असेल, तर माझं मत सिरॅमिक कोटिंगच्या बाजूने आहे. ते ओल धरत नाही आणि भेग पडली तर डोळ्यांना दिसते. रॅप उष्णता जास्त अडवतो, पण त्याची किंमत धातू मोजतो. आतली उष्णता नळीतच राहते, नळी जास्त तापते, साध्या पोलादावर पापुद्रे सुटतात आणि वेल्ड चिरतात. रॅप केल्यास हेडरची वॉरंटी जाते का, हे गुंडाळण्याआधी वाचा. बिडाच्या मूळ मॅनिफोल्डला रॅप करू नका.

रॅप घेताना पाकिटावरचं सतत सोसण्याचं तापमान बघा, क्षणिक आकडा नाही. टर्बोजवळ आणि पेट्रोल हेडरच्या पहिल्या हातभर लांबीत साधा फायबरग्लास कमी पडतो, तिथे बेसॉल्टचा रॅप घ्या.

किती लागेल त्याचा हिशोब असा. ५० मिमी रुंद रॅप आधीच्या वेढ्यावर ६ मिमी चढवून गुंडाळला तर प्रत्येक वेढा ४४ मिमी पुढे सरकतो. ५० मिमी व्यासाच्या पाइपचा घेर १५७ मिमी, म्हणजे एक मीटर पाइपला साधारण ३.६ मीटर रॅप. ६३ मिमीच्या पाइपला ४.५ मीटर. वळणांसाठी आणखी दहा टक्के धरा. हेडरच्या बारीक नळ्यांना २५ मिमी रुंद रॅप घ्या, रुंद पट्टी वळणाच्या आतल्या बाजूला चुरगळते.

गुंडाळायची पद्धत: पाइप ॲसिटोनने पुसून पूर्ण कोरडा करा. बोटाच्या चिकट ठशापुरतं तेलही पहिल्या तापवणीत धुरकट वास सोडतं. फायबरग्लास अर्धा तास पाण्यात भिजवून पिळून घ्या, म्हणजे तो मऊ होतो आणि कुसळं उडत नाहीत. बेसॉल्टचा बहुधा कोरडाच बसतो, पाकिटावरची सूचना पाळा. पट्टीचं टोक आत दुमडा, फ्लँजपासून १५ मिमी सोडून पहिला वेढा त्याच जागी पूर्ण फिरवा आणि टाय आवळा. मग एका हाताने पट्टी सतत ताणून धरा आणि दुसऱ्याने वेढा सरकवा. ताण सुटला की मागचे तीन वेढे सैल होतात, तेव्हा थांबायचं असेल तर आधी टाय लावा. वळणावर बाहेरच्या बाजूला वेढ्यावर वेढा ६ मिमीपेक्षा कमी चढू देऊ नका, आतल्या बाजूला तो आपोआप जास्त चढतो. दर २०० ते २५० मिमीवर एक टाय. टायची कापलेली शेपटी दुमडा, तिची धार हार्नेस कापते. गाडीच्या पोटाखालचे पाइप मागून पुढे गुंडाळा, म्हणजे वेढ्यांच्या कडा मागे तोंड करतात आणि समोरून येणारं पाणी कौलांवरून घसरावं तसं घसरतं.

यांना रॅप करू नका: लवचीक बेलोज (पाइपमधला वळकट्यांचा भाग), कन्व्हर्टर, व्ही-बँड क्लॅम्प (दोन पाइप जोडणारा गोल पट्टा) आणि ऑक्सिजन सेन्सरचा बुंधा. दोन थरही नकोत. टर्बोचं ब्लँकेट फक्त टर्बाइनच्या घरावर. मधल्या बेअरिंगच्या भागावर ते चढलं तर आतलं तेल जळून काजळी धरतं.

सावधान : तेल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल शोषलेला रॅप पेटतो. व्हॉल्व्ह कव्हरची गळती रॅपच्या आधी बंद करा. रॅपवर तेल सांडलंच तर पुसून भागणार नाही, तेवढा रॅप बदला.

## टप्पा ७ : वायर, होज आणि नळ्या

अंतर आणि शील्ड देऊनही जे ७५ मिमीच्या आत उरलं, त्यालाच आता स्लीव्ह, म्हणजे वर चढवायचं नळीसारखं उष्णतारोधक आवरण. चंदेरी स्लीव्ह सैल हवी, आत ५ मिमी तरी हवा राहू द्या. घट्ट ओढलेली स्लीव्ह फक्त दिसायला बरी. इंधन आणि ब्रेकच्या नळ्यांना सिलिकॉन मढवलेली फायबरग्लासची फायरस्लीव्ह घाला, ती २६० अंशांपर्यंत सतत टिकते. तिची टोकं क्लॅम्पने बंद करा, नाहीतर ती ओल आणि तेल ओढून घेते. स्टार्टरच्या सोलेनॉइडला वेगळी छोटी शील्ड द्या. गरम गाडी पुन्हा चालू करताना नुसता कट आवाज येत असेल, तर पहिला संशय तिथेच घ्या.

## टप्पा ८ : हवेची वाट

रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद करा, म्हणजे हवा बाजूने न जाता जाळीतूनच जाईल. पंख्याचं श्राउड (भोवतीचं प्लास्टिकचं कव्हर) आणि पोटाखालचा ट्रे परत लावा. ट्रे काढला की हवा खेळते हा गैरसमज आहे. बऱ्याच गाड्यांत तोच ट्रे रेडिएटरमागचा दाब कमी ठेवतो.

बॉनेटची मागची कड वॉशर टाकून उचलणं ही दुसरी लोकप्रिय चूक. काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब जास्त असतो. थांबलेल्या गाडीत तिथून वाफ निघताना दिसते, पण धावताना हवा उलटी आत येते. व्हेंट कापायचेच असतील तर बॉनेटच्या पुढच्या निम्म्या भागात, रेडिएटरच्या मागे. कापण्याआधी खात्री करा: पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरा, एक टोक बॉनेटवर त्या जागी पृष्ठभागाशी समतल चिकटवा, दुसरं बॉनेटखाली ठेवा. गाडी वेगात असताना सोबत्याने पाण्याची पातळी बघावी. बॉनेटवरच्या टोकाकडे पाणी चढलं, तर तिथे दाब कमी आहे आणि हवा बाहेर पडेल.

उघडा कोन फिल्टर (डब्याविना बसवलेला शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बॉनेटखालची गरम हवाच ओढतो. हवा ३० ऐवजी ६० अंशांची आत गेली तर तिची घनता सुमारे ९ टक्के घटते, वर ईसीयू इग्निशनची (ठिणगी पडण्याची) वेळ मागे घेतो. हेडरने मिळवलेली ताकद इथेच निसटते. बंद एअरबॉक्स आणि रेडिएटरच्या पुढून येणारी नळी परत बसवा.

## टप्पा ९ : पहिली तापवणी आणि फेरतपासणी

गाडी उघड्यावर आणा. दहा मिनिटं आयडलवर चालवून पूर्ण थंड होऊ द्या. मग वीस मिनिटं हलकी रपेट आणि पुन्हा थंड. नवीन रॅप आणि कोटिंग पहिल्या दोन-तीन वेळा पांढरा धूर सोडतात. धूर काळसर असेल, तेलाचा वास येत असेल किंवा चौथ्या वेळीही थांबत नसेल, तर इंजिन बंद करा आणि कारण शोधा.

तिसऱ्यांदा तापून थंड झाल्यावर फ्लँजचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, इंजिन पूर्ण थंड असतानाच. गॅस्केट बनवणाऱ्याने पुन्हा आवळू नका असं सांगितलं असेल तर ते पाळा. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू येऊन दोन मिनिटांत थांबली, तर फ्लँज गळतोय. धातू फुगून तात्पुरती फट बुजते, एवढंच.

आता टप्पा १ ची चाचणी तशीच, वीस मिनिटांच्या थांब्यासह पुन्हा घ्या. पीव्हीसी वायर ९० च्या खाली आणि ब्रेकची नळी १०० च्या खाली हवी. वेगात चालताना इनटेकची हवा बाहेरच्या हवेपेक्षा १० ते १५ अंशच जास्त असावी. एखादाच बिंदू जास्त तापत असेल तर आणखी रॅप लावू नका, त्या बिंदूसाठी टप्पा ४ आणि ५ कडे परत जा. सगळेच बिंदू सारखे तापत असतील तर दोष हवेच्या वाटेत आहे. आणि पाइप अंधारात आयडलवरही लाल दिसत असेल, तर आधी मिश्रण आणि इग्निशन टायमिंग तपासा. मागे सरकलेलं टायमिंग एक्झॉस्टचं तापमान जितकं वाढवतं, तितकं कोणताही रॅप झाकू शकत नाही.

पाचशे किलोमीटरनंतर सगळे टाय, शील्डचे बोल्ट आणि स्लीव्हची टोकं एकदा हाताने हलवून बघा. त्यानंतर दर ऑइल बदलाला फ्लँजजवळची रॅपची टोकं तपासा. तिथे तपकिरी गंजाची पावडर साचत असेल, तर तेवढा रॅप सोडून खालच्या नळीवर स्क्रूड्रायव्हरने टोकून बघा. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रा सुटला, तर तो हेडर पुन्हा रॅप करू नका, बदला.